भिंतीपाशी अडलेली कादंबरी

नकाशेवाल्यांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा ते आमच्या इमारतीच्या जिन्यात मोजपट्टी लावून उकिडवे बसले होते. मला वाटलं, जिना दुरुस्तीला निघाला.

"नाही हो बाई," ते म्हणाले. "माझी नायिका वर चढतेय. कितव्या पायरीवर तिला दम लागेल, ते बघतोय."

"मोजून काय कळणार? चढून बघा की."

चढले नाहीत. वहीत आकडा टिपला आणि लिफ्टने वर गेले.

ते माझ्या समोरच्याच घरात राहायला आले होते. भूमापन खात्यात नकाशे काढायची नोकरी. कादंबरी पुरी करायला वर्षभराची रजा घेतलेली. पत्नी रुग्णालयात नर्स. इमारतीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. लग्नाआधी नकाशेवाल्यांनी त्यांना पहिली अकरा प्रकरणं वाचून दाखवली होती.

"पुढे काय होतं ते कळावं म्हणून हो म्हटलं मी," सिस्टर मला म्हणाल्या. "सतरा वर्षं झाली, बाई. अजून बारावं चालूच आहे."

रजेला होकार देताना त्यांनी एकच अट घातली होती. रजा संपायच्या आत शेवट वाचून दाखवायचा. नाही जमलं तर वह्या माळ्यावर, आणि घरात पुन्हा कादंबरीचं नाव काढायचं नाही.

नकाशेवाले रोज आठ वाजता अंघोळ करून टेबलाशी बसत. आधी टेबल खिडकीपाशी होतं. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून ते आत गेलं, अंधार पडतो म्हणून परत बाहेर आलं. मग पात्रांच्या वंशावळी झाल्या, जन्मतारखा झाल्या. एकदा तर त्यांनी सिस्टरना पात्रांचे रक्तगट काय ठेवावेत ते विचारलं. त्या कादंबरीत कुणाला साधं खरचटतही नाही.

रजेचे पंधरा दिवस उरले तेव्हा त्यांनी नायिकेच्या घराचा नकाशा काढला, अगदी प्रमाणात. तो घेऊन माझ्याकडे आले. चेहरा सुतकी, पण आवाजात मला जरा सुटल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं शाळेत मुलांची 'वही घरी राहिली' ऐकलेली मी. तो आवाज ओळखते.

"घात झाला, बाई. तिसऱ्या प्रकरणात नायक तिला खिडकीतून बघतो. पण मध्ये ही भिंत येते. म्हणजे ती दिसत नाही. म्हणजे प्रेम नाही. सगळं पहिल्यापासून लिहावं लागणार."

"भिंत पाडा."

"भार पेलणारी आहे. पाडली तर वरचा मजला खाली येईल."

"वर कोण राहतं?"

"अजून कुणी नाही."

"मग येऊ दे की खाली!"

एवढ्यात ड्यूटीवरून आलेल्या सिस्टर दारात थबकल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अहो, सतरा वर्षं मला ती दोघं दिसताहेत. तुमची भिंत एकदाही दिसली नाही. शेवट आहे की नाही, तेवढं सांगा."

नकाशेवाले नकाशाची गुंडाळी करत बसले. मग हळूच म्हणाले, "आहे. लग्नाआधीपासून आहे. तुला आवडला नाही तर?"

"तर नाही आवडला म्हणेन. तुमच्या हातचं जेवणही नाही आवडत. जेवते ना?"

रजेच्या शेवटच्या रविवारी त्यांनी मधली प्रकरणं तोंडी सांगून टाकली, तासाभरात. मग शेवटची चार पानं वाचली. मी होते तिथे. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या.

"तिने जायला नको होतं," त्या म्हणाल्या. नाक पुसलं. मग म्हणाल्या, "पण गेली ते बरं केलं."

नकाशेवाले आता पुन्हा कामावर जातात. संध्याकाळी शुद्धप्रतीसाठी कोणता कागद चांगला, याची चौकशी करत हिंडतात. आतापर्यंत चार दुकानं झाली आहेत.