दिगूच्या हातातला हातोडा

माझं नाव कॉलेजात घातलं ते शेडमधल्या रहीमचाचा फिटरनी.

पूर्ण्याच्या जुन्या इंजिनशेडचं आता रेल्वे संग्रहालय झालंय; काल तिथं आम्ही स्वयंसेवक इंजिनाचा गंज खरवडत होतो. रॉकेलच्या वासानं बी.ए.ची सुट्टी आठवली, तेव्हा मी न् दिगू चाचांच्या हाताखाली काम शिकायला यायचो. चाकाला तडा आहे का, हे चाचा हातोडा मारून आवाजावरून ओळखायचे. एकदा मी हात पुढे केला, तर हातोडा त्यांनी माझ्या मित्राला, दिगूला दिला.

"तू कागद सांभाळ, बेटा."

"साहेब, चाक बोलायलंय!" दिगूनं मला चिडवलं.

आजही पाहुण्यांना तो ठोका ऐकवतो दिगूच. इंजिनांच्या माहितीच्या पाट्या मी लिहितो. तेव्हा चाचांनी मला शेडच्या मजुरीतून वाचवलं, हे आता कळतं, तरी दिगूवर जळतो.

चाचा निवृत्त होऊन हैदराबादला लेकाकडे असतात; त्यांना पत्र टाकलं: "चाचा, पाट्या लिहून झाल्या. आता तरी हातोडा द्याल?"