बंद दारामागची फुगडी

लग्न होऊन मी बार्शीहून सोलापुरात आले, तेव्हा सासरी बाईमाणूस एकच होतं, माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणत असे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. वन्संना वैधव्य आलं ते ऐन तरुणपणी. त्या माहेरी परतल्या आणि बापाचं-भावाचं घर त्यांनी अंगावर घेतलं. त्या घरात आता मी आले होते.

आम्ही भांडत नव्हतो. मी घासून पालथं घातलेलं भांडं त्या उचलून पुन्हा घासायच्या, एवढंच. मी गप्प बसायची. दुपार झाली की माझं कपाळ ठणकायला लागायचं. वन्संचं दुखणं वेगळं होतं. पहाटे छातीत धडधडून त्यांना जाग यायची आणि मग काही केल्या डोळा लागायचा नाही. त्यातून ते दिवस काळजीचे होते. आमचे हे मिलच्या हापिसात होते. मिल कधी चालायची, कधी पाळ्या कमी व्हायच्या. सकाळी भोंगा झाला की घरातली सगळी माणसं मोकळा श्वास घ्यायची.

शेवटी मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, कचेरीतून येताना वैद्यांना घरी आणलं. ते पेठेतले म्हातारे वैद्य होते, बोलायला अगदी साधे. त्यांनी आधी वन्संची नाडी पाहिली, मग माझी. पुड्या काही दिल्या नाहीत. दोघींनी रोज व्यायाम करावा, म्हणाले. मामंजी म्हणाले, दळणकांडण आणि पाणी भरणं चालूच असतं, आणखी व्यायाम तो कसला?

"ते काम झालं," वैद्य म्हणाले. "काम करताना मन रिकामंच असतंय की. ते घोळत बसतंय."

सूर्यनमस्कार घालायला त्यांनीच शिकवलं. वन्संनी ते नेमानं घातले, पण त्यांच्या मनाचं घोळणं काही थांबलं नाही. वाकताना त्यांना जमिनीवरचा केर दिसे. अर्ध्यात उठून त्या केरसुणी घेत.

एका दुपारी त्या अशाच उठल्या आणि मला हसू आलं. माहेरी आम्ही मैत्रिणी फुगड्या घालायचो, त्याची आठवण झाली. फुगडीत खाली बघायची सोयच नसते. मी सहज बोलून गेले की वन्सं, फुगडी घालू या. त्यांचा चेहरा उतरला.

"मला चालत नाही ते," त्या म्हणाल्या.

मंगळागौरीला शेजारणींकडे खेळ रंगायचे, तेव्हा वन्सं घरी दार लावून बसायच्या, हे मला ठाऊक होतं. बोलले ते चुकलंच असं वाटलं. पण मागे घेऊन तरी काय होणार होतं?

"मंगळागौरीपुढं चालत नसेल," मी म्हटलं. "इथं कुठं मंगळागौर बसलीय?"

त्यांनी एकदा बाहेर ओट्याकडे डोकावून पाहिलं. मग त्यांनी दाराला कडी घातली आणि पदर कमरेला खोचला.

पायांचे चवडे भिडवले, हातांना तिढा घालून घट्ट धरलं, मागं रेललो आणि फिरलो. त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझी भाकरी मामंजींच्या ताटातून काढून ठेवली होती, जाड झाली म्हणून. राग माझ्या मनात होताच. पण फुगडीत समोरचीचे हात सुटले तर दोघी भिंतीवर आदळतात. राग असो नसो, धरावंच लागतं. थांबलो तेव्हा दोघींना धाप लागली होती, खोली गरगरत होती, आणि वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी भांडी आवरताच त्यांनी आपण होऊन कडी घातली.

मग तो नेमच झाला. शेजारी पद्मशाली विणकराचं बिऱ्हाड होतं. दोन्ही घरांत एकच भिंत. पलीकडे दिवसभर माग खटखटायचा आणि विणकराची बायको रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायची. एके दिवशी तिनं दार वाजवलं. तेलुगू-मराठी मिसळून तिनं विचारलं, भिंतीतून रोज दुपारी धपधप ऐकू येतं, तुम्ही एवढ्या मिरच्या कांडता तरी कुणासाठी? वन्सं गडबडल्या. बाई आत आली, आमचे खोचलेले पदर तिनं पाहिले, अन् आणखी काही विचारलं नाही. बसून बसून तिची कंबर धरली होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी झालो. दोघी फिरायच्या, तिसरी टाळ्या वाजवून ताल धरायची.

पुढं मोहोळहून मामंजींची चुलत बहीण राहायला आली. फुगडी बंद पडली. थोड्याच दिवसांत माझं कपाळ पुन्हा ठणकायला लागलं आणि वन्संनी पुन्हा माझी भांडी घासायला काढली. मधल्या काळात त्यांनी ती घासणं सोडलं होतं, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पाहुणी गेली त्या दुपारी आम्ही जेवणाची ताटंही उचलायला थांबलो नाही.

त्यानंतरची गोष्ट. आम्ही अशाच फिरत होतो. दमून थांबलो, वन्संनी दार उघडलं, तर बाहेर ओट्यावर मामंजी बसलेले. कचेरीतून लवकर आले होते. छत्री मांडीवर आडवी. किती वेळचे बसले होते, देव जाणे. शेजारीण अंग चोरून निघून गेली. वन्सं दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. 

मामंजींनी पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं दिलं. पाणी पिऊन ते आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि वन्संना म्हणाले, "ते जातं कोपऱ्यात सरकवून घे. फिरताना पायाला लागेल."

एवढं बोलून ते पाय धुवायला गेले. वन्सं तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांच्याजवळ बसले. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून जातं सरकवलं. त्या दिवसानंतर मामंजी कधी लवकर आले, तर गल्लीच्या तोंडापासूनच खाकरत यायचे.

वन्संची झोप हळूहळू सुधारली. धडधड अगदी गेली असं नाही. मिल बंद राहिली की ती परत यायची, पण त्या आता तिला भीत नव्हत्या. आमच्या कुरबुरीही चालूच राहिल्या, फक्त आता त्या बोलून व्हायच्या. माझी भाकरी जाड होते हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं, आणि त्यांची आमटी तिखटजाळ असते हे मी त्यांना.

पुढं मला दिवस गेले. वैद्यांनी बजावण्याआधीच वन्संनी माझी फुगडी बंद केली. शेजारीण आणि त्या फिरायच्या, मी भिंतीला टेकून टाळ्या वाजवायची. शेजारणीला वेग लागायचा, वन्संना संथ फिरायचं असायचं. एक तेलुगूत ओरडायची, दुसरी मराठीत, आणि दोघी माझ्याकडे बघून विचारायच्या, "तूच सांग, चुकतंय कुणाचं?"

मी टाळ्यांचा ताल वाढवायची.