गुरुजींची जन्मतारीख

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता मला फाईल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. हे एक मात्र वारासकट पाठ आहे. चोर, दरोडेखोर, खुनी पुष्कळ पाहिले. त्यांच्याविषयी मला काही कबूल करायचे नाही. कबूल करायचे आहे ते एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांविषयी. त्यांचे नाव लिहीत नाही. गुरुजी म्हणतो.

तेव्हा मी लातुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि उपअधीक्षकपदाच्या यादीत माझे नाव लागेल अशी कुजबुज होती. सोमवारी सकाळी, हजेरी संपून कर्मचारी बंदोबस्ताला निघाले असताना टपालात एक निनावी अंतर्देशीय पत्र आले. मजकूर थोडका होता. अमुक गल्लीत राहणारे अमुक गुरुजी खोट्या जन्मतारखेच्या पासपोर्टवर कैलास-मानसरोवरला, म्हणजे चीनच्या हद्दीत चालले आहेत. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे त्यांचे वय बहात्तर आहे. सोबत रजिस्टरचा पान क्रमांक आणि अनुक्रमांकही दिला होता.

चीनचे नाव वाचून मी खुर्चीत सरळ झालो. दुपारी यात्रा नेणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. लातूर-नांदेडकडच्या अठरा जणांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते.

"साहेब, तिकडं एकेकट्याला व्हिसा मिळत नाही," मालक सांगू लागला. "एकाच कागदावर सगळ्यांची नावं येतात. आत जायचं सगळ्यांनी मिळून, बाहेर यायचं सगळ्यांनी मिळून. वरून तिबेटचा परवाना वेगळा. लष्करातला, पोलिसातला, पेपरवाला असला की हजार प्रश्न. नकाशे, काही पुस्तकं, काही फोटो बॅगेत ठेवायचे नाहीत. आणि वय सत्तरच्या आत पाहिजे. एकाचं काही निघालं तर सतराजण नाक्यावर बसतील."

"यादी कधी जाणार?"

"शनिवारी, पासपोर्टांसकट. एकदा गेली की नाव काढता येतं, घालता येत नाही."

गुरुजींचा पासपोर्ट पाहिला. त्यावरच्या तारखेनुसार ते एकोणसत्तर वर्षांचे होते आणि सप्टेंबरात सत्तर पुरी होणार होती. मंगळवारी शाळेतून उतारा आला. त्यात एक जून, आणि वय बहात्तर. विसंगती स्पष्ट होती. सरकारतर्फे मीच फिर्यादी झालो, पासपोर्ट कायद्याखाली आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि पंचनामा करून पासपोर्ट मुद्देमालात जमा केला. सीमेपलीकडे खोट्या कागदावर जाणारा माणूस वेळीच पकडला, असे मला वाटले. पेपरात चार ओळी आल्या. त्यांच्या गल्लीत 'बोगस गुरुजी' हा शब्द त्याच संध्याकाळी तयार झाला.

बुधवारी त्यांना चौकशीला बोलावले. पांढरा सदरा, पायजमा, हातात कापडी पिशवी. सोबत बायको. तिला बाहेरच्या बाकावर बसवले.

"दोन तारखा कशा?" मी विचारले.

"आई सांगायची, अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत माझा जन्म झाला," गुरुजी म्हणाले. "शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला. हात पुरला. मास्तर म्हणाले, घ्या भरती करून. दोन वर्षं वाढवली आणि एक जून लावून टाकली. पुढं मी मुख्याध्यापक झालो तेव्हा मीही शेकडो पोरांना एक जूनच लावली, साहेब. जून महिन्यात शाळा उघडते. आई-बापांना विचारलं तर ते सांगायचे, ज्वारी काढायच्या दिवसात झालंय. काय लिहायचं?"

"मग पासपोर्टवर दुसरी तारीख कशी आली?"

त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. "माझं गाव जळकोटजवळ. तेव्हा ते उदगीरकडं होतं. निजामाच्या वेळची जन्म-मृत्यूची वही तिथल्या तहसिलात आहे, उर्दूत. हा तिचा उतारा. पासपोर्ट काढताना हाच जोडला होता."

"झेरॉक्स आम्ही पुरावा धरत नाही."

"मग मूळ वही बघून या. शनिवारच्या आत बघा, एवढीच विनंती. सप्टेंबरात मी खरोखरच सत्तरचा होतो. पुढच्या वर्षी मला कोणी नेणार नाही."

"एवढं काय आहे तिथं?"

ते जरा लाजले. "तीस वर्षं भूगोल शिकवला. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा त्या भागातून निघतात हे फळ्यावर काढून दाखवलं. समोरची पोरं घागरी घेऊन टँकरमागं धावणारी. एका पोरानं विचारलं, गुरुजी, तुमी बघितलं का? म्हणलं, नाही. त्यावर वर्ग हसला. ते हसू अजून कानात आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "साहेब, तुमची जन्मतारीख काय?"

"प्रश्न मी विचारतो," मी म्हणालो.

खोटे बोलणारा माणूस तारखा धडाधड सांगतो. खरे बोलणारा आईपासून सुरुवात करतो. हे मला तेव्हाही माहीत होते.

मी एका जुन्या हवालदाराला उदगीरला पाठवले. गुरुवारी संध्याकाळी तो एसटीतून उतरून थेट माझ्या केबिनमध्ये आला.

"साहेब, म्हातारा खरं बोलतोय. वहीत नोंद हाय. समदं उर्दूत, साल निजामाच्या फसली पंचांगातलं. तिथल्या एका जुन्या माणसानं वाचून दावलं. बापाचं नाव, गाव, मुलगा. इंग्रजी साल काढलं तर पासपोर्टाशी बरोबर जुळतंय. ही शिक्क्याची नक्कल. डायरीला घेऊ का?"

"मी सांगतो तेव्हा घे."

तो घुटमळला. "शनिवारी यात्रेचे पासपोर्ट जाणार हायत, साहेब."

"माहीत आहे."

मी नक्कल टेबलाच्या खणात टाकली. उर्दू आहे, फसली साल आहे, तज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा लागेल, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण वेगळे होते. फिर्यादी मीच होतो. गुन्हा तपासाआधी नोंदवला, बातमी तपासाआधी दिली; आता तो गैरसमज निघाला तर खुलासा मागितला जाणार होता आणि बढतीची यादी तोंडावर होती.

शुक्रवारी मी पत्र लिहिणाऱ्याचा छडा लावला. रजिस्टरचे पान आणि अनुक्रमांक त्याला कसे माहीत? ते रजिस्टर ज्याने हाताळले तोच हे लिहू शकतो. गुरुजींचे नाव गळाले तर जागा कोणाला मिळणार हे पाहायला यात्रा कंपनीकडून प्रतीक्षा यादी मागवली. पहिलेच नाव गुरुजींच्या शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकाचे होते. अर्जावरचे अक्षर आणि पत्रावरचे अक्षर एकच. त्यांना बोलावले, दहा मिनिटांत कबूल झाले.

"मी खोटं काय लिहिलं, साहेब? रजिस्टरात हाय तेच लिहिलं की."

"रजिस्टरातल्या तारखा कशा लावतात ते तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

"ते समद्यांनाच ठाऊक हाय."

"तुमची स्वतःची तारीख?"

ते खाली बघत म्हणाले, "माझीबी एक जूनच."

त्यांना मी जाऊ दिले. त्यांच्यावर काही करायचे तर खण उघडावा लागला असता.

त्या शुक्रवारी गुरुजी बायकोबरोबर दहा वाजल्यापासून ठाण्याच्या बाकावर बसून होते. जेवायच्या वेळेला त्यांनी डबा उघडला, दारावरच्या शिपायालाही भाकरी दिली. पाचला मी बाहेर निघालो तशी त्यांची बायको उठली.

"साहेब, म्या अडाणी हाव. पण सासूबाईंच्या तोंडून ह्यांच्या जन्माचं शंभरदा ऐकलंय. तुमी एकदा वही बघा की."

"तपास चालू आहे, बाई," मी म्हणालो. वही बघून झाली होती. तिची नक्कल माझ्या खणात होती.

शनिवारी सतरा पासपोर्ट गेले. अठरावा प्रतीक्षा यादीतल्या त्या शिक्षकाचा गेला. गुरुजींच्या बायकोचे नाव यादीत नव्हतेच. दोघांना परवडत नव्हते म्हणून तिने त्यांना एकट्याला पाठवायचे ठरवले होते.

दोषारोपपत्र पाठवायचे नसेल तर न्यायालयाला समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवावी लागते. गुन्हा खरा पण पुरावा अपुरा, तर 'ए'. फिर्यादच खोटी, तर 'बी'. गैरसमजातून दाखल झाला, तर 'सी'. हे प्रकरण सरळ 'सी'चे होते. मी 'ए' पाठवली. उदगीरची नक्कल फाईलला लावलीच नाही. म्हणजे कागदोपत्री गुरुजींनी गुन्हा केला होता, फक्त पुरावा पुरला नाही. त्यांचा पासपोर्ट दोन महिन्यांनी परत दिला. उपअधीक्षकाच्या यादीत माझे नाव लागले नाही, हे सांगून सहानुभूती मिळवायची नाही. लागले असते तरी हे असेच घडले असते.

यात्रेहून परतल्यावर ते पत्रवाले शिक्षक ठाण्यात आले आणि मानसरोवराच्या पाण्याची छोटी बाटली मला दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

पुढे यात्रा कित्येक वर्षे बंद पडली. मी निवृत्त होऊन नांदेडला स्थायिक झालो. अलीकडे यात्रा पुन्हा सुरू झाल्याची बातमी वाचली आणि रात्री जुन्या कागदांतून ती नक्कल शोधून काढली. दुसऱ्या सकाळी नक्कल आणि बाटली घेऊन लातूरची एसटी धरली.

गुरुजींनी ओळखले. गुडघे गेले आहेत, नजर शाबूत आहे. मी नक्कल पुढे ठेवली. त्यांनी ती भिंगाखाली धरली. उर्दू मजकुरावरून भिंग सरकत खालच्या शिक्क्यातल्या तारखेवर थांबले.

"ही गुरुवारची आहे," ते म्हणाले.

"हो."

"पासपोर्ट शनिवारी गेले."

"हो, गुरुजी. शुक्रवारी तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हा ही माझ्या खणात होती."

त्यांनी भिंग बाजूला ठेवले. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही वही पाहिलीच नाही. सात वर्षं तेवढा एक समज होता, तो बरा होता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या दिवशी एक विचारलं होतं. तुमची तारीख?"

"एक जून."

त्यांनी मान हलवली. भरती करताना एखाद्या पोराचे उत्तर ऐकून हलवावी तशी.

इतक्या वर्षांत मी शेकडो लोकांना सांगितले की कागद खोटे बोलत नाही. या प्रकरणाने मला शिकवले की कागद स्वतःहून काहीच बोलत नाही. तो कोणाच्या खणात आहे यावर सगळे ठरते. आणि चौकशी कशी संपवायची हे ठरवणाऱ्याची चौकशी कोणी करत नाही. ती त्याने स्वतःच करायची असते, तीही वेळेत. मी वेळ घालवला.

मी बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांची बायको आतून पुढे आली. सगळे ऐकत होती.

"ती बाटली उचला. त्यातलं पानी तुळशीला बी घालणार न्हाई मी." आवाज चढला नव्हता. "गल्लीत ह्यांना बोगस म्हणत्यात, ते पेपरात आलं म्हणून. आता खरं काय ते बी छापून आणा. तुमच्या हातानं लिहा. मग या, चहा पाजते."

मी बाटली पिशवीत टाकली आणि परत आलो. हे मी माझ्या हाताने लिहिले आहे. गुन्हा घडलेला नव्हता. समरी 'सी' हवी होती. गुरुजींचे वय तेव्हा एकोणसत्तरच होते.

छापून आले की कात्रण घेऊन लातूरला जाणार आहे. त्या घरचा चहा अजून मी घेतलेला नाही.