दार लाव, वारं येतंय

भरल्या नाट्यगृहात, स्पर्धेच्या प्रयोगात, परीक्षक पुढे बसलेले असताना मी एकदा नटाला त्याचं वाक्य ओरडून सांगितलं होतं. कबूल करून टाकते, नाहीतर माझ्या माघारी नातीला दुसऱ्या कुणाकडून कळायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा काही अजाण पोर नव्हते. मुलगा दहावीला होता. मोरपंखी साडी, हातभर गजरा आणि पर्समध्ये चिवड्याची पुडी असा माझा थाट होता. नाटक बघायला कसली जाते, नाटकाने मला बघावं म्हणून गेले होते.

तो नट म्हणजे आमचे शेजारी, मास्तर. शाळेतले नव्हेत, नाशिक–पेठ गाडीवरचे कंडक्टर. माणूस कधी ओरडत नसे. गाडी कितीही खच्चून भरलेली असो, ते आपल्या रोजच्या आवाजात "तिकीट" म्हणत आणि शेवटच्या बाकावरचा म्हातारा खिसे चाचपायला लागे. हाच आवाज रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पंचवटीतली आमची ती भिंत म्हणजे नावाला भिंत. मास्तर घरी तालीम करत आणि मी इकडे पोळ्या लाटता लाटता त्यांचं सगळं नाटक पाठ करून बसले.

नाटकाचा शेवटचा प्रवेश असा होता. म्हाताऱ्या बापाच्या हातात तार येते. मुलगा गेलेला असतो. सून दाराशी पाठमोरी उभी असते आणि विचारते, "मामंजी, काय लिहिलंय?" बाप काही बोलत नाही. तारेच्या कागदाची घडी घालतो, घडीची घडी घालतो, आणि मग म्हणतो, "सूनबाई, दार लाव. वारं येतंय." बस्स, पडदा.

मास्तर घडी घालत गप्प झाले. सगळं नाट्यगृह गप्प. मला वाटलं, विसरले! आमच्या नामपूरला जत्रेत तमाशातला गडी अडखळला की अख्खा गाव त्याला वाक्य पुरवतो, त्यात कसली लाज? मी उठले, तिसऱ्या रांगेतून हात उंचावला आणि ठणकावून सांगितलं, "मास्तर, दार लाव म्हना ना! वारं येतंय!"

जो हशा उसळला तो मला आजही ऐकू येतो. आमच्या ह्यांनी रुमालात तोंड लपवलं. त्या वर्षी मास्तरांचं नाटक अंतिम फेरीला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटीभर शिरा घेऊन त्यांच्या दारात गेले. मालतीताई, म्हणजे मास्तरांची बायको, माझ्याकडे बघेचनात. मास्तरांनी मात्र शिरा खाल्ला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "पाठांतर चोख आहे तुमचं. आता नाटक बघायला शिका."

"बघितलं की काल!" मी म्हटलं.

"ऐकलंत. ते तर तुम्ही घरबसल्या ऐकता. नामपूरकर वहिनी, गाडी उभी राहिली म्हणजे बिघडली असं नसतं. कुणीतरी चढत असतं."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. "त्या जागी मी मनात अकरा आकडे मोजतो. सहा-सातला लोकांना वाटतं, हा विसरला. दहाला चुळबूळ थांबते. अकराला त्यांना कळतं, की पोरगा गेला. मी सांगितलं नाही, त्यांचं त्यांना कळलं. तेवढ्यासाठी नाटक करायचं."

तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं मास्तर, मालतीताई, हे आणि मी अशी आमची वरात नाट्यगृहात जायची. मास्तरांचे नियम कडक. तिसऱ्या घंटेनंतर जागेवर जाणाऱ्याकडे ते असे बघत, की तो बिचारा पायऱ्यांवरच बसून घेई. माझी पर्स दारातच तपासली जाई. "चिवडा?" "नाही हो." "शपथ?" मग मी निमूटपणे पुडी ह्यांच्या खिशात ढकलायचे.

"बोलतो त्याच्याकडे सगळेच बघतात," ते म्हणत. "तुम्ही ऐकणाऱ्याकडे बघा. खरा नट ऐकताना सापडतो." एकदा एका मोठ्या नटाच्या लांबलचक भाषणात मी त्याच्याकडे न बघता कोपऱ्यात सुपारी कातरणाऱ्या बाईकडे बघत बसले. एका शब्दापाशी तिचा अडकित्ता थांबला. मध्यंतरात हे मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी मला स्वतःच्या पैशाने बटाटेवडा खाऊ घातला. माझ्या आयुष्यातली ती एकमेव पदवी.

आणि पदवी मिळाल्यावर मी काय केलं? मिरवलं. शेजारच्या खुर्चीवरची बाई जरा हलली की मी "श्श!" भिशीतल्या बायकांना पॉज म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. बायका कंटाळून भिशी दुसरीकडे लावू लागल्या, तरी माझं चालूच.

मास्तर निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांनी त्यांनी तेच नाटक पुन्हा करायचं ठरवलं. "एकदा ते शेवटपर्यंत नीट होऊ दे," म्हणाले. ते मुद्दाम माझ्याकडे बघून बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. पुन्हा संध्याकाळच्या तालमी सुरू झाल्या. भिंतीपलीकडची शांतता आता अकराच्याही पुढे जायची, कधी दूध उतू जाईपर्यंत टिकायची. मी भिंतीला कान लावून खूश. म्हटलं, वयाबरोबर माणूस मुरला!

मालतीताई एकदा भाजी निवडत हळूच म्हणाल्या, "हल्ली हे मध्येच अडकतात हो. परवा घरी येताना आपली गल्लीच विसरले. मला भीती वाटते. हे प्रॉम्प्टरलाही त्या जागी बोलू देत नाहीत. तुम्ही प्रयोगाला पुढे बसाल ना?"

"अहो ताई," मी शहाणपणा केला, "अडकतात कसले? तो पॉज आहे!"

त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या.

प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत होते. शेवटचा प्रवेश आला. तार आली. सुनेने पाठमोरीच विचारलं, "मामंजी, काय लिहिलंय?" मास्तर घडी घालू लागले. मी मोजू लागले. अकरा झाले. वीस झाले. विंगेत प्रॉम्प्टर वही मिटून उभा होता, मास्तरांचाच हुकूम. कागदाची आणखी घडी होईना, तेव्हा त्यांनी तो उलगडला. पुन्हा घडी घालू लागले. शेजारची बाई कुजबुजली, "विसरले वाटतं." मी तिचा हात दाबला. "श्श. बघा नुसतं."

मग मास्तरांनी मान वर केली. त्यांची नजर रांगा चाचपत आली आणि माझ्यावर थांबली. ओठ किंचित हलले. मला काय वाटावं? माझ्या शिकवणीची परीक्षा घेतायत! मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि कौतुकाने मान डोलावली.

शेवटी सून आपणहून वळली. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि न सांगताच दार लावलं. पडदा पडला. आधी कुणालाच टाळी वाजवता आली नाही. मग पहिली टाळी मी वाजवली, उभं राहून. मागोमाग सगळं नाट्यगृह उभं राहिलं.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे ते शेवटी सांगावं लागणार नाही. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं. मास्तर पुन्हा रंगमंचावर गेले नाहीत. आधी नाटकं गेली, मग पेठ रस्त्यावरच्या थांब्यांची नावं गेली, मग मालतीताई. भिंतीपलीकडून येणारा आवाज हळूहळू बंद झाला, आणि त्या शांततेत कितीही आकडे मोजले तरी पुढे वाक्य नव्हतं. चौथ्या वर्षी मास्तर गेले. मी अजूनही नाटकाला जाते, ऐकणाऱ्याकडेच बघते. पण नट जरा जास्त थांबला की मी खुर्चीचे हात धरून बसते.

त्या प्रयोगानंतर मी धावतच मेकअपच्या खोलीत गेले होते. मास्तर आरशाकडे पाठ करून बसले होते. मालतीताई खोबरेल तेलाच्या बोळ्याने त्यांचा चेहरा पुसत होत्या. मास्तरांच्या मुठीत ती तार तशीच होती. मी दारातूनच म्हटलं, "मास्तर, काय थांबलात आज! जिंकलंत!"

त्यांनी मालतीताईंचा हात बाजूला केला. अर्धा म्हातारा, अर्धा मास्तर असा तो चेहरा माझ्याकडे वळला. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या त्याच हळू आवाजात ते म्हणाले, "नामपूरकर वहिनी, मी तुमच्याकडेच बघत होतो हो. आज का नाही ओरडलात?"