तोताराम भाऊंच्या चाकातल्या कड्या

नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक दिसलं की माझे हात शिवशिवतात. शेजारच्या तोताराम भाऊंनी मारुती व्हॅनसाठी जळगावहून झकपक मॅगव्हीलं, म्हणजे अलॉयची नक्षीदार चाकं, आणली, तेव्हा ती पुसायला मी आपणहून बसलो. प्रत्येक चाकाच्या मधल्या भोकात प्लॅस्टिकची काळी कडी होती. पॅकिंग समजून मी चारही उचकटल्या आणि समोरच्या घरातल्या सुगंधाबाईंना तांब्याखाली ठेवायला देऊन टाकल्या.

भाऊ चोपड्याचे. उमर केळीच्या ट्रकवर गेली, मग ही व्हॅन घेतली. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी कधी काढलं नाही. उन्हाळ्यात पाहुणा उतरताना सोलून निघाल्यासारखा आवाज येई. शौक एकच, चाकांचा. त्यांची बायको शेवंताकाकू म्हणायच्या, "लगीनमा इतलं नटले नव्हतात!"

भाऊ नवी चाकं चढवत होते, तोच बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक प्रमिला कळवळली. मूल आडवं होतं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब जळगाव. भाऊंनी घाईघाईत नट आवळले आणि आम्ही निघालो. जुनी चाकं अंगणातच राहिली.

धानोरा सुटलं, काटा साठवर गेला आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं. आरसा हलला, डॅशबोर्डवरचा गणपती हलला, माझे दात हलले.

"हळू चालवा!" काकू ओरडल्या.

"बाबा, लवकर!" प्रमिला कण्हली.

हळू जावं तर बाळाचं काही खरं नाही, जोरात जावं तर आमचं.

भाऊंनी गाडी कडेला घेतली. पुढचं चाक काढलं, भोकात बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कडी कोठे शे?"

"कोणती?"

"काळी."

"सुगंधाबाईंकडे... तांब्याखाली."

भाऊंनी पुन्हा पाना उचलला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

या चाकांचं भोक गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल बोंडापेक्षा, मोठं. मधली फट ती कडी भरते, म्हणून चाक बरोबर मध्यावर बसतं. आता तो मध्य नुसत्या नटांवर साधायचा होता. भाऊंनी शेतातून पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी मोडून माझ्या हातात दिली.

"रिमजवळ धर. हात हालाडू नको."

चाक जॅकवर अधांतरी. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे, चाक फिरवायचं. काडीला घासलं की ढिलं करून पुन्हा. मागून प्रमिलाची किंकाळी आली, काडी हलली. भाऊंनी माझं मनगट धरलं. काडी पुन्हा जागेवर आणली.

अखेर चाक काडीला न शिवता फिरलं. मग पुढचंच दुसऱ्या बाजूचं; थडथड स्टिअरिंगची, म्हणून मागची तशीच सोडली. गाडी निघाली. चाळीस. पन्नास. साठ. गणपती जागेवर. तापीचा पूल मागे पडेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही.

दवाखान्यात प्रमिलाला आत नेलं, दार बंद झालं. भाऊ बाकावर, हातात तीच काडी. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेला नातू भाऊंच्या हातात दिला; आई सुखरूप होती.

मी डोळे पुसले, हात पुढे केले. "भाऊ, मी घेऊ का जरा?"

"नको भो, यानंबी काही काढी टाकशी."