सुमतीताईंच्या ट्रंकेतलं कात्रण

सुमतीताई घाडी यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लालबागमधल्या त्यांच्या चाळीच्या चौकात, विधानसभेच्या प्रचारसभेत. त्या बालवाडीच्या बाई, अपक्ष उमेदवार, निशाणी शिलाई मशीन. मी एका दैनिकाचा वार्ताहर. बातमी वेळेत द्यायची होती. पाच मिनिटं थांबलो, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि निघालो. दुसऱ्या दिवशी माझ्या नावानिशी छापून आलं : 'रिकाम्या खुर्च्यांपुढे उमेदवार शून्यात पाहून बोलत होत्या.'

ताई पडल्या. निकालानंतरच्या सोमवारी त्यांनी बालवाडी नेहमीच्या वेळी उघडली. बायकांच्या संडासाकडे जाणाऱ्या बोळात दिवा लावण्याचं आश्वासन त्यांनी प्रचारात दिलं होतं. पडल्यावरही वॉर्ड ऑफिसात खेटे घालून त्यांनी तो लावून घेतला.

त्याच वर्षी माझी आई परळच्या रुग्णालयात होती. शेजारच्या खाटेवर ताईंची एक शेजारीण. तिच्यासाठी पेज आणणाऱ्या ताई आईसाठीही आणू लागल्या. मी नाव सांगितलं तेव्हा नुसत्या हसल्या. माझी बातमी त्यांच्या वाचनात आली नसावी, असं मी सोयीने ठरवलं आणि पंचवीस वर्षं त्यांच्या घरी चहा पीत राहिलो.

यंदा पंचाहत्तरीनिमित्त चाळीने त्यांच्या प्रचारसाहित्याचं प्रदर्शन योजलं. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. ताईंची ट्रंक उघडली. पत्र्याचे बिल्ले, घरी शिवलेले झेंडे, पिवळी पडलेली पत्रकं. तळाशी माझं कात्रण, नीट घडी घातलेलं.

"ताई, हे नको लावूया."

"का? माझ्याच प्रचाराचा कागद आहे."

"पण खुर्च्या खरंच रिकाम्या होत्या."

त्यांच्या जाऊबाई शकूमावशी झेंडे झटकत होत्या. "खुर्चीत कोण बसणार? खाली सासरे, दीर उभे. आम्ही वर गॅलरीत होतो, तिन्ही मजले भरून. कुकर लावून ऐकत होतो. ताईने सभेची वेळच तशी ठेवलेली. मान वर केली असतीस तर दिसलो असतो मेल्या! दुसऱ्या दिवशी घरातले पेपर नाचवत म्हणाले, बघ, तुझ्या ताईला कोण विचारत नाही."

म्हणजे ताई शून्यात नव्हे, त्या बायकांकडे पाहून बोलत होत्या. माझ्या एका ओळीने तिन्ही मजले पुसले गेले होते.

"ताई, सगळं ठाऊक असून तुम्ही पेज आणत होतात?"

"पेज तुझ्या आईला होती रे, तुला नव्हती," ताई हसल्या. "कात्रण राहू दे. खाली दोन ओळी तू लिही. उद्या सकाळपर्यंत दे, घाईत लिहायची सवय आहे तुला."

बातमीमुळे त्या पडल्या, असं म्हणणं हाही माझा गर्वच ठरेल. पण चूक छापली होती, तेव्हा कबुलीही छापूनच द्यायला हवी. कात्रणाखाली मी लिहिलं आहे : 'गॅलऱ्या भरलेल्या होत्या. वार्ताहराने वर पाहिलं नाही.' खाली माझं नाव आहे.

सुमतीताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. शंभरीच्या सत्काराला त्यांनी याच चौकातून, गॅलऱ्यांकडे पाहून बोलावं. तोवर मी असलो, तर शेवटपर्यंत थांबेन, मान वर करून.