दोघी म्हणायच्या, दुसरी मेली

यंदाच्या खंडेनवमीचं हे सांगितल्याबिगर मला चैनच पडत न्हाई, म्हणून जसं आठवतंय तसं भराभर टाइप करायलेय.

परभणीच्या बाहेर बियाण्याचं एक शीतगृह हाय, तिथं मी कम्प्युटरच्या कामाला. तिथल्या गार खोलीत आमच्या मॅडमनी गावोगाव हिंडून जमवलेली ज्वारी हाय. काही वाण शेतातून पार गेलेत, त्यांचे ओंजळभर दाणे फक्त इथंच. खोली तापली की ते मेले. म्हणून गारवा राखणारा प्रोग्रॅम दोन मशिनींच्या, म्हणजे कम्प्युटरांच्या, जोडीवर ठेवलेला. एक पडली की दुसरीनं उचलायचं.

उचलायचं काय, तर पॅकेज. गाठोडंच समजा: प्रोग्रॅम, त्याची डिस्क, त्याचा पत्ता, सगळं एकात बांधलेलं. आणि कंट्रोल स्क्रिप्ट सांगणार, गाठोडं उचलताना आधी काय करायचं, मग काय, आणि खाली ठेवताना काय काय बंद करायचं. दोघींच्या मधी एक बारीक वायर. तिच्यातून दोघी सारख्या एकमेकीला विचारणार, "हायेस का?" "हाय."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतेत आणि त्या दिवशी त्यांला कामाला लावत न्हाईत. ऑपरेटर काकांनी सकाळीच दोन्ही मशिनींला हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. गारवा तर बंद करता येत न्हाई. म्हणून त्यांनी मधली वायर तेवढी उपसली.

मी दुपारी पोचले. सुट्टी, कडक ऊन, आवारात चिटपाखरू न्हाई. आणि खोली गार करणारा कॉम्प्रेसर धडधडायचा, बंद पडायचा. परत धडधडायचा, परत बंद. कुणी धाप लागून जिना चढायलंय असा आवाज.

पळत आत गेले. पहिल्या मशिनीच्या पडद्यावर इंग्रजीत आलेलं, त्याचा अर्थ एवढाच: दुसरी मेली, पॅकेज मी घेतलं. दुसरीवर बघितलं, शब्दाला शब्द तेच! दोघींचे पंखे चालू, माळांची फुलं थरथरायलेली. दोघी शेजारीशेजारी बसून एकमेकीला मेलेलं समजायल्या. एकीनं गाठोडं ओढलं की कॉम्प्रेसर आधी बंद, मग चालू, तेवढ्यात दुसरी ओढणार, परत बंद.

"काका, वायर कुठंय?"

"देवापुढं ठिवली की. दिसभर नुस्त्या बोलत असतेत. म्हणलं, आज तरी गप बसा बायांनो."

"गप बसल्या म्हणून एकमेकीला मेलेलं समजायल्यात!"

"अगं, पंखा चालू हाय की तिचा. आंधळी हाय का ही?"

"आंधळीच हाय काका!"

तो आवाज ऐकून मॅडम क्वार्टरमधून तशाच आल्या, पायात चप्पल न्हाई. गार खोलीच्या तापमानाचा काटा बघितला. वर चढायलेला. "वायर लाव की पटकन."

"लावून भागत न्हाई. गाठोडं आता दोघींच्याही डोक्यावर हाय. एकीला खाली ठेव म्हणलं तर तिची स्क्रिप्ट जाताजाता कॉम्प्रेसर बंद करणार. आणि दुसरीकडनं मग कुणी ओढणार न्हाई, म्हणून ती तो परत चालू करणार न्हाई, तिच्या लेखी तो चालूच हाय." हातानं चालवायचं बटन तर मशिनी आल्या तवाच काढून टाकलेलं.

"मग?"

"एकीची पॉवरच उपसायची. स्क्रिप्टला कळायच्या आत."

काका मधीच आले. "पुजलेली हाय ती! आजच्या दिवशी जीव घेता तिचा?"

"काका," मॅडम हळूच म्हणल्या, "आत दाणे मरायलेत."

काकांनी दुसरीची माळ उतरवली, हात जोडले, आणि प्लग स्वतःच उपसला.

तिचा पंखा हळूहळू थांबला. आमी तिघं कान लावून उभे. कॉम्प्रेसर धडधडला आणि धडधडतच राहिला. पहिलीच्या पडद्यावर अजून तेच: दुसरी मेली. आता ते खरं होतं, आणि ते मला जास्त भ्या दाखवायलं.

नंतर मॅडमनी एकेका वाणाचे थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधले. काही दिवसांनी सोडले तर सगळ्यांला मोड. सोनपेठकडची एक ज्वारी तेवढी तशीच पडलेली, गप.

"गेली का ही?" काकांनी विचारलं.

मॅडमनी फडकं परत भिजवलं, बांधलं, आणि रोज सकाळी सोडून बघायल्या. आज सकाळीसुद्धा बघितलं.